एक्सबॉट म्हणजे नक्की काय, आणि एक्सक्लुझिव्हसाठी पीएस५ घेण्यात अजून अर्थ आहे का?

कातळकडचा (राजापूर)

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. गेल्या गणपतीच्या आधी मी सेकंडहॅन्ड एक्सबॉक्स सिरीज एस (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा) घेतला, दोन कंट्रोलरसकट साडेसतरा हजार. नवा भारतात आला तेव्हा ३४,९९० होता, त्यामुळे मी आपला खुशीत. गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ आला, गणपती स्पेशलच्या गर्दीत पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आलेला (काकीला वाटलं मखराचं सामान आहे). माजघरातल्या टीव्हीखाली माझा डबा बघितला आणि म्हणाला, "अरेरे, तू एक्सबॉट निघालास!" तेव्हापासून घरच्या ग्रुपवर माझं नाव तेच. आता आत्यापण विचारते, एक्सबॉट जेवला का. तिला काय कळतंय, पण विचारते.

तर मला हवेत सोनीचे गॉड ऑफ वॉर आणि स्पायडरमॅन हे गेम, ते एक्सबॉक्सवर नाहीत हे मला घेतल्यावर कळलं, हसू नका. दुकानदाराला विचारलं होतं तर म्हणाला सगळं चालतं. वॉरंटीपण अशीच तोंडी. आता शिमग्याला भाऊ परत येतोय आणि म्हणतो डबा विकून टाक, पीएस५ घे. पण दुसरीकडे वाचतो की एक्सक्लुझिव्ह (एकाच कन्सोलवर मिळणारे गेम) वगैरे आता संपत आलंय. मग घेऊ की थांबू? अजून एक, आमच्याकडे नेट म्हणजे नारळाची झावळी तारेवर पडली की दोन दिवस सुट्टी. ८० जीबीचा एक गेम उतरवायला तीन रात्री गेल्या. आणि ५१२ जीबीच्या डब्यात वापरायला मिळतात ३६४, म्हणजे चारपाच मोठे गेम झाले की काहीतरी उडवायचं आणि परत तीन रात्री.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

एक्सबॉट म्हणजे एक्सबॉक्सवाल्यांना चिडवायचं नाव, तसंच सोनीवाल्यांना सोनी पोनी म्हणतात. आता तुझ्या भावाची हवा काढतो. सोनीचे गेम २०२० पासून पीसीवर यायला लागले, होरायझन झिरो डॉन आधी आला, मग गॉड ऑफ वॉर जानेवारी २०२२ मध्ये, स्पायडरमॅन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. हेलडायव्हर्स २ तर फेब्रुवारी २०२४ ला पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला आणि ऑगस्ट २०२५ ला चक्क एक्सबॉक्सवर. उलट्या बाजूने मायक्रोसॉफ्टचा सी ऑफ थीव्ह्ज एप्रिल २०२४ ला पीएस५ वर गेला, वर्षभराने गाड्यांच्या शर्यतीचा फोर्झा होरायझन ५ गेला, मग गिअर्स ऑफ वॉर. आणि हेलो, ज्याच्यासाठी लोकांनी एक्सबॉक्स घेतले तो हेलो, त्याचा पहिला भाग नव्याने बनवून पीएस५ वर आणणार असं २०२५ च्या ऑक्टोबरात जाहीर झालं. त्या दिवशी आमच्या गेमिंग ग्रुपवर असं वातावरण की जणू घरातलं कुणी गेलं.

हेलोची गंमत ऐक. तो पहिल्यांदा जगाला दाखवला १९९९ मध्ये, ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवाल्यांच्या मॅकवर्ल्ड मेळाव्याच्या स्टेजवर, स्टीव्ह जॉब्सच्या कार्यक्रमात. म्हणजे मॅकवाल्यांना वाटत होतं हा आपला. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने हेलो बनवणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली आणि २००१ ला हेलो पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आला. पुढे बंजी मायक्रोसॉफ्टपासून सुटी झाली आणि २०२२ मध्ये तिला घेतलं कुणी, तर सोनीने! ज्यांनी हेलो बनवला ते आज सोनीच्या घरात नांदतायत आणि इथे पोरं एकमेकांना एक्सबॉट आणि सोनी पोनी म्हणून ब्लॉक करतायत.

दुसरं म्हणजे एक्सक्लुझिव्ह हा शब्दच फसवा आहे. काही गेम कंपनीच्या स्वतःच्या स्टुडिओचे असतात. काहींना कन्सोलवाल्याने पैसे घातले नसते तर ते झालेच नसते, उदा. बेयोनेटा २, निन्टेंडो या तिसऱ्या कन्सोल कंपनीने पैसा लावला म्हणून तो २०१४ ला फक्त त्यांच्या वी यू वर आला आणि पहिला भाग पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर खेळलेले लोक इतके भडकले की विचारू नको, पण पैसा दुसऱ्या कुणी घातला असता का? आणि काही नुसते मुदतीचे. राइज ऑफ द टूम्ब रेडर २०१५ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सवर, पीएस४ ला पुढच्या ऑक्टोबरात. आपल्याकडे हापूसची पहिली पेटी वाशीला जाते आणि कलमाच्या मालकाला नंतर मिळतो तसं आहे हे. आंबा तोच, फक्त वाट बघायची.

बांगडाफ्राय

पीसी घे. विषय संपला.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

आले मास्टर रेसवाले. बांगड्या, तुला हे नाव कुठून आलं माहितीये का? २००८ मध्ये यात्झी क्रॉशॉ नावाच्या समीक्षकाने विचर या गेमच्या रिव्ह्यूमध्ये 'पीसी गेमिंग मास्टर रेस' हे शब्द वापरले ते पीसीवाल्यांची मिजास चेष्टेत काढायला. शब्द मुळात नाझींचा, म्हणून तो टोमणा. आणि पीसीवाल्यांनी तोच टोमणा टिळा म्हणून कपाळावर लावला. आपल्याला शिवी दिली आणि आपण ती नेमप्लेटवर कोरून घेतली, असला प्रकार.

बाकी ही भांडणं कंपन्यांनीच लावून दिलेली आहेत हे विसरू नको. नव्वदच्या सुरुवातीला सेगा या कन्सोल कंपनीची अमेरिकेत जाहिरात होती, निन्टेंडो जे करत नाही ते आम्ही करतो अशा अर्थाची, नाव घेऊन. पोरं शाळेत त्यावरून भांडायची. २००१ ला सेगाने कन्सोल बनवणं बंद केलं आणि त्याच वर्षी सेगाचा हिरो सॉनिक निन्टेंडोच्या गेमक्यूबवर उड्या मारत होता. भांडलेली पोरं गेली उडत.

बांगडाफ्राय

बरं बाबा. तरी पीसीच घे. 😄

वेळणेश्वरकरीण (गुहागर)

मला या लेबलांचा एक वेगळा अनुभव आहे. मी पीएस४ वर खेळते, सात वर्षं झाली. माइक चालू केला आणि आवाज गेला की पहिला प्रश्न असतो, "भावाची आयडी आहे का?" त्यामुळे सोनी पोनी म्हणेपर्यंत गाडी माझ्याबाबतीत पोचतच नाही, मी आधीच 'गर्ल गेमर' होते आणि हरले तर 'कॅज्युअल', म्हणजे टाइमपास खेळणारी. जिंकले तर काय होतं सांगू? समोरचा म्हणतो लॅग होता, नेट अडकलं.

आपल्याकडे शिमग्यात फाका मारतात ना, नाव घेऊन, काय वाट्टेल ते. पण होळी विझली की तोच माणूस पालखीला खांदा द्यायला तुमच्या बाजूला उभा. इथे यांचा शिमगा बारा महिने.

आता कामाचं बोलते. कातळकड, तुला जे दोन गेम हवेत त्यांच्यासाठी पीएस५ लागतच नाही!! गॉड ऑफ वॉर २०१८ चा पीएस४ चा आहे, २०२२ चा रॅग्नारोकपण पीएस४ वर आहे, स्पायडरमॅन २०१८ चा आणि माइल्स मोरालेस दोन्ही पीएस४ वर. फक्त स्पायडरमॅन २ ला पीएस५ (किंवा पीसी, बांगडा खूश). सेकंडहॅन्ड पीएस४ बघ, आणि डिस्कवाला. तुझ्या सिरीज एसला डिस्कची फटच नाही, तिथेच तू नेटच्या दावणीला बांधला गेलास. डिस्कचं कसं असतं, मी गॉड ऑफ वॉर विकत घेतला, संपवला, चिपळूणच्या एकाला दिला, त्याच्याकडून दुसरा आणला. अपडेट उतरवावे लागतात पण अख्खा गेम नाही. माझ्या कपाटात आज चार डिस्क आहेत आणि त्यातल्या तीन माझ्या नाहीत.

घेताना एक बघ, मागचं एचडीएमआयचं भोक टॉर्च मारून बघ. आपल्या खाऱ्या हवेत तिथे हिरवट गंज चढतो, माझ्या पहिल्या मशीनचा चढला होता, टीव्हीवर नुसते ठिपके यायचे आणि मी सहा महिने टीव्हीला शिव्या घातल्या. आणि पंख्याचा आवाज ऐक अर्धा तास खेळून, पाच मिनिटांत कळत नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

डिस्कच्या बाजूने माझंही मत, पण वरच्या मजल्यावर ठेवा हो. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझा पीएस२ आणि चाळीसेक डिस्क गेल्या. त्यात देसी अड्डा होता, सोनीने २००९ मध्ये खास भारतासाठी काढलेला, कबड्डी आणि गिल्लीदांडूवाला. आपल्यासाठीचा एक्सक्लुझिव्ह! तो काय भारी गेम नव्हता, खरं सांगायचं तर कंटाळवाणाच, पण चिखलातून काढला तेव्हा कव्हरवरचा रंग तसाच होता. अजून टाकला नाहीये.

तिरपो_पाट (मालवण)

मेल्यांनू, तुमचे ह्ये एक्सबॉक्स नि फेक्सबॉक्स. आमच्या वाडीत सगळे मोबाइलर बीजीएमआय हो बंदुकीचो गेम खेळतत आणि थंय जो आधी मरता तेका बॉट (कॉम्प्युटरान चालवलेलो खेळाडू) म्हणतत. माझो भाचो माका रोज सांगता, मामा तू बॉट. ता खरा असा म्हणान मी काय बोलणंय नाय. पण एक मजा सांगतंय, जो पोरगो कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून मोबाइलचो गेम खेळता तेका ही पोरां चोर म्हणतत. तुमचो पीसीवालो राजा आमच्या हंय चोर!

बांगडाफ्राय

तिरप्या, तुझ्यासाठी हात जोडले. 🙏

कातळकडचा (राजापूर)

सगळ्यांचे आभार, विशेषतः वेळणेश्वरकरीण ताई, तुमच्यामुळे माझे बरेच पैसे वाचले. डबा विकत नाही, गेमपासची (वर्गणी भरून एक्सबॉक्सवर गेम खेळायची योजना) वर्गणी मेपर्यंत भरलेली आहे आणि फोर्झा मला खरंच आवडतो. पीएस४ साठी रत्नागिरीत एक जण सापडलाय, रविवारी टॉर्च घेऊन जातोय.

भावाला हेलो पीएस५ वर येणार असल्याची बातमी पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मग रात्री अकराला मेसेज, "शिमग्याला तुझा दुसरा कंट्रोलर चार्ज करून ठेव, फोर्झा खेळू. पीएस५ आणत नाही, ट्रेनला गर्दी असते." ग्रुपवरचं नाव मात्र अजून बदललेलं नाही. आणि आता आत्या विचारते की एक्सबॉटला लग्नाचं स्थळ बघायचं का.

तिरपो_पाट (मालवण)

स्थळ बघूक सांग. आणि पालखी येतली त्या दिवशी टीव्ही पडवीत न्हेवन ठेव, नायतर म्हातारो तुमचे दोनव डबे व्हळीत घालतलो.