ओलिताच्या पऱ्हाटीत (कपाशीत) मूग टाकायचाय, पण तणनाशकाचं काय?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. जमीन भारी काळी, विहिरीचं पाणी, ठिबक आहे. यंदा बीटी कपाशी ५ बाय १ फुटावर टोबायची आहे. मधली पाच फुटांची जागा जुलैअखेरपर्यंत मोकळीच राहते अन् तणाचं फावतं. तिथं मुगाचं एक तास टाकलं तर ६०-६५ दिवसांत, पऱ्हाटी दाटायच्या आत निघेल. जमिनीला नत्र, घरची डाळ, अन् पोळ्याच्या वेळी हाताशी पैसा. तूर ओलितात नको वाटते. पऱ्हाटीच्या डोक्यावर जाते अन् जानेवारीपर्यंत वावर सोडत नाही.

अडचण अशी की निंदायला बाया मिळत नाहीत, म्हणून सगळे पायरिथायोबॅक हे तणनाशक मारतात. ते रुंद पानाच्या तणावर चालतं, अन् मूगही रुंद पानाचाच! दुकानदार म्हणतो, मुगाचा नाद सोड. मला सोडायचा नाही. दुसरी काळजी फवाऱ्याची: तुडतुड्यांसाठी पऱ्हाटीला जे मारू ते मुगाच्या शेंगांवर उडणार, अन् ती डाळ घरची लेकरं खाणार. कोणी हे निभावलं असेल तर सांगा.

प्रतिसाद: भाऊ, पेरल्यापासून दोन दिवसांत, जमिनीत ओल असताना पेंडीमिथॅलीन मारा. कपाशी अन् मूग, दोघांनाही चालतं. पुढे नुसतं गवत आलं तर क्विझालोफॉप. रुंद पानाचं तण मात्र डवऱ्यानंच (कोळप्यानंच) काढायचं. मूग बरोबर मधोमध पेरा, ठिबकची नळी पऱ्हाटीला लागून ठेवा, मग दोन्हीकडे अडीच फुटांत डवरा मोकळा फिरतो. शेंगा धरल्या की निंबोळी अर्कावर भागवा, जहाल औषध शेंगा तोडल्यावरच. पान पिवळं-हिरवं चट्ट्याचं झालेलं झाड दिसलं की लगेच उपटा; तो केवडा पांढऱ्या माशीनं पसरतो.

एक विचार करा. ऑगस्टात झड लागली तर मुगाच्या पिकलेल्या शेंगांत दाणे झाडावरच उगवतात, अन् मूग दोन-तीनदा तोडावा लागतो. बाया नसतील तर उडीद बरा. त्याचं टीएयू-१ वाण ७०-७५ दिवसांत येतं, एकदाच कापून खळ्यावर न्यायचा.

धागाकर्ता: पटलं दादा. मग अर्ध्या वावरात उडीद. टीएयू-१ चं घरचं बियाणं जवळपास कोणाकडे असेल तर कळवा, बियाण्याला लावायचं रायझोबियम जिवाणू खत मी आणतो.