'जीन सिग्नलिंग'ला मराठीत काय म्हणावं? (कापसाची जीन नव्हे)

पऱ्हाटी: राळेगाव तालुक्यातल्या एका गावात तोंडतपासणीचं शिबिर होतं. डॉक्टरांच्या इंग्रजी तक्त्यांचं मराठी करायचं काम माझ्याकडे. एकाचं शीर्षक 'तोंडाचा कॅन्सर आणि जीन सिग्नलिंग'. 'जनुक' कोणाला कळणार नाही म्हणून 'जीन' तसंच ठेवलं आणि पुढे 'संकेतन' लावलं. समाजमंदिरात वाचून दाखवलं तर मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, जीन बंद पडून धा वर्सं झाले, आता तिचा कायचा संकेत?" सगळे हसले. आमच्याकडे जीन म्हणजे सरकी काढायची, हे मलाच आठवायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात शिबिर आहे. सिग्नलिंगला शब्द सुचवा.

अनुस्वार: शब्द आहेत, वापरायची लाज वाटते इतकंच. जनुक आणि संदेशवहन. शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलं हेच शिकतात. आजोबांना नातू समजावून सांगेल.

भोंगा: नातू पुण्याला कंपनीत आहे.

काचपट्टी: मी पॅथॉलॉजीवाली. आधी अर्थ बघा, शब्द मग. 'जीन सिग्नलिंग' ऐकलं की वाटतं, जीन कोणाला तरी इशारा करतंय. पण निरोप येतो बाहेरून. पेशीच्या अंगावर ग्राही असतात, म्हणजे निरोप झेलणारी प्रथिनं, त्यातला एक ईजीएफआर. वाढीचा निरोप आणणारा रेणू त्याला चिकटला की दोन ग्राही जोडी करतात आणि एकमेकांना फॉस्फेट लावतात. मग आत रास नावाचं प्रथिन जागं होतं, ते राफ या दुसऱ्या प्रथिनाला उठवतं, राफ मेकला, मेक अर्कला, असं करत केंद्रकातल्या जीनपर्यंत बातमी पोचते की वाढा, एकाच्या दोन व्हा. काम झालं की सगळ्यांनी परत झोपायचं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर पुष्कळदा प्रमाणाबाहेर वाढलेले असतात, म्हणजे दार कोणी वाजवलेलं नसताना घरात धावपळ. वरून डीएनए खराब दिसला की पेशीला थांबवणारं पी-५३ हे जीनही बऱ्याच गाठींत बिघडलेलं असतं. जीनमध्ये निरोप्या कसा घडवायचा ते लिहिलेलं असतं. लिहिण्यात चूक झाली की निरोप्या वेडा होतो. त्यामुळे 'जनुकीय संकेत' म्हटलं की दिशाच उलटी होते.

पऱ्हाटी: मग 'निरोप'च घेऊ का? 'निरोपसाखळी'?

धुऱ्यावरून: ताई, कॅन्सरच्या शिबिरात 'निरोप' नका लिहू. गालात पांढरा चट्टा घेऊन आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. भिंतीवर 'निरोप' वाचला की त्याला निरोप समारंभच दिसेल. 'सांगावा' घ्या. आपलाच शब्द आहे.

भोंगा: सांगावा आमच्या आर्वीकडे फक्त गाण्यात. बोलताना 'सांगून धाडलं'.

धुऱ्यावरून: माझी आजी म्हणायची. आर्वी म्हणजे अख्खा विदर्भ नव्हे.

उत्खनन: आजोबांना हसलात ना सगळे? 'जीन' हा शब्द १९०९ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेननं घडवला, ग्रीकमधल्या जन्मवाचक शब्दावरून. कापसाची जीन म्हणजे 'इंजिन'चं आखूड रूप. इंजिन आलं लॅटिन 'इंगेनियम'पासून, त्याचा अर्थ उपजत बुद्धी, आणि त्याच्याही पोटात तोच जन्माचा धातू. संस्कृतातला 'जन्' याच कुळातला. म्हणजे आजोबांची जीन, डॉक्टरांचं जीन आणि अनुस्वारांचं जनुक ही एकमेकांची चुलत भावंडं.

अनुस्वार: व्युत्पत्ती उत्तम, पण भावंडं आहेत म्हणून एकाच्या ताटात दुसऱ्यानं जेवायचं नसतं. आणि 'संकेत'वर अन्याय होतोय. संकेत म्हणजे आधीपासून ठरलेली खूण. नायिका संकेतस्थळी जायची ती ठरवूनच. (आता संकेतस्थळ म्हणजे वेबसाइट, ते असो.) रेणू आणि ग्राही यांचंही आधीच ठरलेलं असतं.

काचपट्टी: इतकं ठरलेलं नसतं. टीजीएफ-बीटा हा निरोप आणणारा रेणू घ्या. निरोगी अस्तरात तो पेशींची वाढ रोखतो. सुपारीतलं अरेकोलीन गालात रोज मुरत राहिलं की हाच टीजीएफ-बीटा तंतुपेशींना कोलॅजेन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, रचत बसायला लावतो. गाल आतून चिवट, फिका पडतो. शिबिरात मी रोग्याला त्याचीच मधली तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगते. खर्रेवाल्या पोरांची कधी दोन जातात, कधी दीड. आणि पुढे गाठ झालीच तर पसरायला तिला मदत करणाराही हाच. सांगणारा तोच, ऐकणारा बदलला की अर्थ पालटतो. तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो म्हणणाऱ्यांसाठीही एक तक्ता हवा. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवलंय.

भोंगा: खर्ऱ्याचा विषय निघालाच आहे तर, ताईंच्या तक्त्यात 'मळलेला खर्रा' असं आहे. फोटोत वाचलं. तळहातावर चुना लावून मळतात ती तंबाखू. खर्रा घासतात. पानठेल्यावर उभं राहून पाहा, सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत बांधून खरखर घासतात, म्हणून तर खर्रा.

धुऱ्यावरून: घोटतात. "एक घोटून दे" असंच म्हणतात पानठेल्यावर. आणि ती खरखरीची व्युत्पत्ती तुमच्या घरची.

भोंगा: आमच्याकडे घासतात.

उत्खनन: खरडण्यावरूनही आला असेल. बघतो.

पऱ्हाटी: दुसरं शिबिर काल झालं. शेवटी काचपट्टीताईंचाच शब्द उचलला. 'जीन' काढून टाकलं आणि शीर्षक केलं 'पेशीला चुकीची बातमी'. कोणी हसलं नाही. एका मावशीनं हात वर करून विचारलं, "मंग थे बातमी बंद कोन करते?" पी-५३ चा तक्ता नेमका मी घरी ठेवून आले होते. त्याच्यासाठी कोणी शब्द सुचवेल का? 'रोधक' लिहिलंय, पण तो आत्ताच नको वाटतोय.

अनुस्वार: 'वार्ता' असताना 'बातमी' कशाला?

धुऱ्यावरून: ताई, 'मळलेला' बदललं का?

भोंगा: बदलायचं तर 'घासलेला' करा. घोटतात ती भांग.