सोनोग्राफी नॉर्मल, तरी एमसीयू?

‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग मुलीला एमसीयूचा त्रास कशाला?’ हा एका पालकांचा प्रश्न रास्तच आहे. एमसीयू म्हणजे मूत्राशयात नळीने एक्स-रेत दिसणारं औषध भरून, मूल लघवी करत असताना काढलेला एक्स-रे. ताप येऊन पहिल्यांदाच लघवीचं इन्फेक्शन झालं असेल, तर दोन वर्षांच्या आतल्या मुलांना तो सरसकट करू नये, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०११ साली सुचवलं. पण पुन्हा झालं तर कृपया टाळू नका. सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज दिसते. लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते का, हे बरेचदा सुटतं. ते कळतं मूल टेबलावर लघवी करतं त्या क्षणी. माझी लेक नळी घालताना रडली, मग माझं बोट घट्ट धरून पडून राहिली. आधी सगळं खरं सांगून ठेवलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. डीएमएसए हा मूत्रपिंडाचा स्कॅन वेगळा, तो मूत्रपिंडावरचे व्रण बघायला, इन्फेक्शननंतर चार-सहा महिन्यांनी.