बजेटात मजुरी नि गाडीभाड्याचा खर्च दिसतच नाही, सॉफ्टवेअर मेळ घालतं तरी कसा?

कलमवाला_देवगड
नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे आणि जोडीला दोन खोल्यांचं होमस्टे, हिशोब टॅली सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. यंदा पहिल्यांदाच खर्चाचं बजेट टाकलं, मजुरी 1,80,000, फवारणी 90,000, खोके-पॅकिंग 60,000, गाडीभाडं 40,000. आता बघतो तर मजुरीत फक्त 22,000 खर्च दाखवतंय, राखणीच्या नेपाळ्यांना आणि काढणीवाल्यांना त्याच्या कितीतरी पट पैसे गेलेत. गाडीभाडं तर शून्य. आणि खोकेवाल्याला अजून एक रुपया दिला नाही तरी तिथे पूर्ण खर्च पडलाय. बाबा रोज विचारतात फवारणीला किती उरले, छातीठोक सांगता येत नाही. कुठला व्यवहार कुठल्या बजेटला लागतो हे कुणीतरी नीट सांगा.

खतावणी_रत्नागिरी
दादा, आधी एक गोष्ट पक्की धरा, सॉफ्टवेअर एकेक व्यवहार उचलून बजेटला चिकटवत नाही. ते फक्त खातं बघतं आणि व्हाउचरवरची (व्यवहाराच्या नोंदीवरची) तारीख बघतं, त्या खात्यावर त्या मुदतीत जे नावे (डेबिट) पडलं त्यातून जमा (क्रेडिट) वजा केलं की झाला प्रत्यक्ष खर्च, तो बजेटच्या आकड्याशेजारी मांडतं. नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या टिपेत, तुम्ही 'मजुरी दिली' असं कितीही लिहा, ते वाचलंच जात नाही.

म्हणूनच खोक्यांचं बरोबर दिसतंय. बिल ज्या दिवशी टाकलं त्या दिवशी खोके खाते नावे, खोकेवाला जमा, खर्च तिथेच झाला. उद्या त्याला चेक द्याल तेव्हा खोकेवाला नावे आणि बँक जमा, बजेटला हात लागणार नाही.

मजुरीचं माझ्या अंदाजाने असं असणार की राखणदारांना हंगामाआधी उचल (आगाऊ पैसे) दिलीत आणि ती उचल खात्यावर आहे. ते येणं आहे, खर्च नाही, त्यामुळे मजुरीच्या बजेटला त्याचा पत्ताच नाही. महिना भरला की जर्नल नोंद (एका खात्यातून दुसऱ्यात वळती) टाका, मजुरी नावे, उचल जमा, जेवढी फिटली तेवढीच. मग आकडा लगेच वर येईल.

कलमवाला_देवगड
अगदी तसंच आहे ताई, सगळी उचल खात्यावरच आहे! आणि भाडं?

खतावणी_रत्नागिरी
वाशीच्या बाजारातून पट्टी (विक्रीचा हिशोब) येते तेव्हा हातात पडलेली रक्कमच विक्री म्हणून टाकता का? भाडं, हमाली तिथेच कापून घेतलेली असते ना. मग पट्टीवरची पूर्ण विक्री जमा दाखवा, आणि भाडं, हमाली आपापल्या खात्यावर नावे टाका, उरलेली रक्कम बँकेत. नफा तेवढाच राहतो पण भाड्याला किती गेले हे दिसतं, आणि आमच्याकडे बागायतदारांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष नेमकं याच खर्चाकडे होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पेटीमागे भाडं किती पडलं हे माहीतच नसेल तर पुण्याला थेट माल द्यायचा की वाशीला हे ठरवणार कशावर?

बजेटमध्ये टाइप ऑफ बजेटही बघून घ्या, खर्चाच्या खात्याला 'ऑन नेट ट्रान्झॅक्शन्स' (मुदतीतलं नावे वजा जमा) हवं. 'ऑन क्लोजिंग बॅलन्स' (अखेरची शिल्लक) हे बँकेत अमुक शिल्लक राहावी अशा गोष्टींसाठी.

सुपारीबाग_गुहागर
वर सगळं बरोबर सांगितलंय, फक्त तारखेचं अजून एक सांगतो कारण आंबेवाल्यांना ते फार नडतं. मोहोर यावा म्हणून घालायचं कल्टार हे औषध जुलै-ऑगस्टात, मोहोराच्या फवारण्या थंडीत, आणि काढणी मार्च ते मे, म्हणजे 31 मार्चला आपला हंगाम मधोमध कापला जातो. एप्रिल ते मार्च बजेट लावलंत तर मागच्या आंब्याची काढणी आणि पुढच्या आंब्याची फवारणी एकाच रकान्यात येणार, त्यातून कशाचाही पत्ता लागत नाही. मी ग्नूकॅश हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, त्यात बजेट कुठल्याही महिन्यापासून सुरू करता येतं म्हणून माझं जुलै ते जून असतं. आयकराचं आर्थिक वर्ष वेगळं राहू दे. तुमच्या टॅलीत पण बजेटला 'पासून-पर्यंत' तारीख आपणच घालतो.

मोठा पसारा असेल तर ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर बघा, त्यात बजेट ओलांडलं की एन्ट्री अडवायची, नुसता इशारा द्यायचा की दुर्लक्ष करायचं हे ठरवता येतं. टॅलीत तुम्हाला रिपोर्ट उघडूनच बघावं लागेल.

कलमवाला_देवगड
दोघांचेही आभार, आज रात्री बसतो. शेवटचं एक, पेट्रोल एकाच बिलात येतं, थोडं फवारणीच्या पंपाला, थोडं होमस्टेच्या जनरेटरला. ते कसं वाटायचं?

खतावणी_रत्नागिरी
बाग आणि होमस्टे अशी दोन कॉस्ट सेंटर (खर्च कुठल्या कामाचा हे सांगणारे कप्पे) करा आणि पेट्रोल खात्याला कॉस्ट सेंटर लागू करा. मग व्हाउचर टाकताना खाली छोटा स्क्रीन येतो, 2,000 चं बिल असेल तर बाग 1,400, होमस्टे 600 असं तिथेच वाटा. वाटलं नाहीत तर ती रक्कम पेट्रोलच्या एकूण बजेटात दिसेल पण बागेच्या बजेटात येणार नाही. आणि बाबांना फवारणीचा पूर्ण खर्च हवाय ना, मग बजेट औषधांपुरतं ठेवू नका, पेट्रोल आणि फवारणीची मजुरी पण त्यात धरा. आमच्याकडे बहुतेकजण नुसतं औषधाच्या बिलावर फवारणी मोजतात आणि तिथेच फसतात.