लग्नाच्या बँडवर ग्लेन मिलरचा आवाज कसा काढायचा?

बँडमास्तर_अमळनेर
राम राम मंडळी. चोपड्याला रिसेप्शनचं काम आहे. वरात नाही, मांडवात बसून वाजवायचंय. पार्टीला 'इन द मूड' पाहिजे, तेही अमेरिकन जॅझ बँडमास्तर ग्लेन मिलरच्या त्या मखमली क्लॅरिनेटच्या आवाजात. माझ्याकडे दोन क्लॅरिनेट, ऑल्टो आणि टेनर सॅक्सोफोन एकेक, चार ट्रंपेट, दोन युफोनियम, एक व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन, साईड ड्रम, मोठा ड्रम, झांज, कॅसिओ. चाल सगळ्यांना बसलीय, पण ऐकायला वरातच वाटते. पोरं नोटेशन वाचत नाहीत, कानानं उचलतात. चुकतंय कुठं?

पितळी_सूर
भाऊ, तुमच्या पार्टीनं दोन गाणी एकत्र केलीत. 'इन द मूड'ची ती प्रसिद्ध फिरकी (पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा) सॅक्सोफोनची आहे. मधले सोलोही टेक्स बेनेके आणि अल क्लिंक या दोन टेनरवाल्यांचे, मग क्लाइड हर्लीचा ट्रंपेट. क्लॅरिनेटचा मखमली आवाज 'मूनलाइट सेरेनेड'चा. दोन्ही रेकॉर्डिंग १९३९ ची. दोन्ही वाजवा, पण मांडणी वेगळी ठेवा.

मखमल अशी होते: चाल क्लॅरिनेटकडे, तीच चाल एक सप्तक खाली टेनरकडे, आणि मधल्या जागेत बाकीचे सूर. चाल पांढरी १ वर (पेटीच्या पट्टीनं सांगतोय, पांढरी १ म्हणजे सी) असेल तर वरून खाली पांढरी १, पांढरी ६, पांढरी ५, पांढरी ३ आणि पुन्हा खालची पांढरी १. तुमच्याकडे पहिला क्लॅरिनेट, दुसरा क्लॅरिनेट, ऑल्टो, ट्रॉम्बोन (अगदी हळू) आणि टेनर. चाल पांढरी ७ वर उतरली की मधल्यांनी जागेवर थांबायचं नाही, नाहीतर सूर भांडतात. तिथं काळी ४, पांढरी ४, पांढरी २ घ्या. मधले तिघं दबून वाजवतील, पहिला क्लॅरिनेट आणि टेनर बरोबरीनं. या दोघांचा कंपही एकाच वेगाचा हवा. वरात वाटते कारण सगळेच चाल वाजवतायत. कानानं उचलणाऱ्यांना मधला सूर वेगळा बसवून द्या, चाल ऐकवूच नका. ऐकवली की हात आपोआप चालीकडे वळतो.

ठेका_भुसावळ
अर्धा दोष ड्रमचा आहे भो. आपला साईड ड्रमवाला पहिल्या मात्रेवर दणका देतो. स्विंगमध्ये, म्हणजे या नाचाच्या जॅझमध्ये, चार मात्रा सारख्या चालतात आणि टाळी २ व ४ वर पडते. अमेरिकन पियानोवाला काउंट बेसी, त्याच्या बँडात ड्रमर जो जोन्सनं ताल मोठ्या ड्रमवरून काढून हाय-हॅटवर (पायानं मिटणारी झांजांची जोडी) नेला. तुमच्याकडे हाय-हॅट नसेल तर झांजवाल्याला छोटी जोडी द्या. २ आणि ४ वर मिटवून 'चिक्', झणकार राहू द्यायचा नाही. मोठा ड्रम चारही मात्रांवर, पण इतका हळू की नसला तरच कळावं.

मात्रेतले दोन सूर सारखे नसतात. मात्रेचे तीन भाग करा, दोन पहिल्या सुराला, एक दुसऱ्याला. हे मध्य लयीला. लय वाढली की दोन्ही सूर बरोबरीकडे सरकतात. जलद लयीतही दोनास एक धरून बसलात तर गाणं लंगडतं. जीभ मऊ लावा, आपल्याकडची 'टु-टु-टु' ठोक इथं चालत नाही. आणि 'इन द मूड'ची फिरकी तीन-तीन सुरांची आहे, ठेका चारचा. ड्रमवाला त्या तीनच्या मागं गेला की संपलं. त्याला फिरकीशिवाय, नुसत्या मात्रा मोजत सराव द्या.

बँडमास्तर_अमळनेर
पट्टी कोणती? आणि बेस कोणाकडे देऊ?

पितळी_सूर
'इन द मूड' काळी ४. क्लॅरिनेट, ट्रंपेट, टेनर बी फ्लॅटचे, म्हणजे त्यांनी सी धरला की बी फ्लॅट वाजतो, म्हणून त्यांच्या बोटात ती काळी ५ होते. ऑल्टो ई फ्लॅटचा, त्याला पांढरी ४. युफोनियमवाले बी फ्लॅटच्या बोटांनी वाजवत असतील तर त्यांनाही काळी ५. बेस युफोनियमकडेच. मात्रेला एक सूर, चार मात्रा चालत राहायच्या. एकाला श्वास पुरणार नाही, म्हणून दोघं एकाआड एक आवर्तन वाटून घ्या.

उन्हाळ्यात फुंकीची वाद्यं चढतात, कॅसिओ जागेवर राहतो. मांडवात पोचल्यावर वाद्यं थोडा वेळ फुंकून गरम करा, मगच मिळवा. क्लॅरिनेटचा बॅरल (तोंडाखालचा छोटा तुकडा) किंचित बाहेर, ट्रंपेटची ट्यूनिंग स्लाइड (सूर मिळवायची सरकती नळी) बाहेर. आठ वाजता मिळवलेलं साडेनऊला पुन्हा तपासा. रीड मधल्या वेळात सुकते, टोपण लावून ठेवा.

तापीकाठ
ट्रंपेटला 'वा-वा' हवा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला सिंक उपसायचा रबरी कप आणा, दांडा काढून. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडात ट्रंपेटवर बबर मायली, मग कूटी विल्यम्स, ट्रॉम्बोनवर ट्रिकी सॅम नँटन, सगळे हेच करत. कप घंटेवर (ट्रंपेटच्या पसरट तोंडावर) गच्च दाबू नका, फट ठेवून उघड-झाक करा. स्ट्रेट म्यूट (घंटेत बसवायचं आवाज दाबणारं बूच) वापरला तर सूर थोडा चढतो, स्लाइड तेवढी ओढा. म्यूटचे कॉर्क तिन्ही सारखे घासा, नाहीतर उभं राहून वाजवताना तो पाहुण्यांच्या ताटात.

पण तुमची पोरं वाचत नाहीत ना? मग मिलरपेक्षा बेसी धरा. कॅन्सस सिटीच्या बँडांची पद्धतच ती: एक छोटा तुकडा तोंडी ठरवायचा, सॅक्सोफोन तो फिरवत राहतात, त्यावर ट्रॉम्बोनचा दुसरा, वर ट्रंपेटचा तिसरा. 'वन ओ'क्लॉक जंप' (१९३७) बारा मापांच्या ब्लूजवर (बारा मापांचं फिरत राहणारं कॉर्डचं चक्र) असंच उभं आहे. मिलरचं मधलं सूरवाटप कागदाशिवाय बसवणं म्हणजे डोकेदुखी.

पितळी_सूर
पटलं, फक्त पट्टीवर लक्ष ठेवा. रेकॉर्डवर 'वन ओ'क्लॉक जंप' पांढरी ४ ला सुरू होतं आणि पुढं काळी १ ला जातं. कानानं वाजवणारे तिथंच अडकतात, म्हणून पांढरी ४ मध्येच राहा, कोणी विचारणार नाही. कॅसिओवाल्याला दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड दाबू देऊ नका. बेसी मोजकेच सूर टाकायचा, बाकी जागा फ्रेडी ग्रीनच्या गिटारला आणि वॉल्टर पेजच्या बेसला.

बँडमास्तर_अमळनेर
ठरलं. 'मूनलाइट सेरेनेड' पाच जणांत, बाकी बँड बेसीवर. झांजवाल्याला आजच छोटी जोडी देतो.