मदत हवी आहे: मॅडमच्या नावाने प्राध्यापकपद सुरू करायचंय

रानजाई
आम्ही मेडिकल कॉलेजच्या एका बॅचचे चाळीस जण. मॅडम जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. पन्नास लाखांपर्यंत जमलेत. कॉलेजात फोन केला की डीन ऑफिसला विचारा म्हणतात, डीन ऑफिस म्हणतं अर्ज द्या. कसला अर्ज ते कुणी सांगत नाही. सुवर्णपदक नको. ते एका मुलाला मिळतं, फोटो निघतो, संपलं. मॅडमच्या नावाचं पद हवंय, अमेरिकेत देणगीच्या निधीवर चालतं तसं. कुणाकडे मसुदा आहे का? लवकर सांगा प्लीज.

जुना_परळकर
कॉलेज सरकारी, पालिकेचं की ट्रस्टचं? आणि मॅडम कोणत्या विषयाच्या? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

हिशेबनीस
चाळीसपैकी परदेशी नागरिक किती? ओसीआय कार्डवाल्यांचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांचा पैसाही परदेशी देणगीच धरतात. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यावी लागते. पासपोर्ट अजून भारतीय असेल तर ही अट नाही. पैसे सध्या आहेत कुठे?

सोनटक्का
एक लक्षात ठेवा, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची ८०जीची करसवलत मिळत नाही. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं. पावत्या जपून ठेवा.

रानजाई
सरकारी. भूलशास्त्र. अकरा जण अमेरिकेत, चौघे इंग्लंडमध्ये, पासपोर्ट कुणाला विचारले नाहीत. पैसे माझ्याच खात्यात आहेत. सोनटक्का, करसवलत आमच्यापैकी कुणी मागितलेलीच नाही.

हिशेबनीस
तुमच्या खात्यात?! आता एक रुपयाही घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर आलेली रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. परदेशी नागरिकांचा पैसा आला असेल तर तो प्रश्न आणखी मोठा. कुणी किती, कधी, कुठून पाठवले याची यादी घेऊन उद्याच सीएकडे जा. मसुदा नंतर.

पैलतीर
मी बॉस्टनजवळ राहतो. इथल्या पदांचं मर्म एवढंच की मुद्दल कधीच मोडायचं नाही. वर्षाला साधारण चार-पाच टक्के काढायचे, उरलेलं महागाईसाठी निधीतच वाढू द्यायचं. हिंगहॅम गावचे डॉक्टर एझेकिएल हर्सी १७७० मध्ये गेले. शरीरशास्त्र आणि शल्यक्रियेच्या प्राध्यापकासाठी त्यांनी हार्वर्डला हजार पौंड ठेवले होते. मेडिकल स्कूल निघालं १७८२ मध्ये आणि जॉन वॉरन पहिले हर्सी प्राध्यापक झाले. म्हणजे पैसे बारा वर्षं आधीचे, शाळा नंतरची. मार्चची घाई करू नका.

तुमचा हिशेब असा. पगार वर्षाला २४ लाख धरला आणि चार टक्के काढले तर निधी सहा कोटींचा लागेल. पन्नास लाखांतून सुटतात दोन लाख.

जुना_परळकर
मुळात सरकारी कॉलेजात पद मंजूर करतं सरकार आणि भरती होते लोकसेवा आयोगातून. सहा कोटी दिलेत तरी नेमणूक तुमच्या हातात नाही. अमेरिकेचं इथे चिकटवू नका. त्यापेक्षा वार्षिक व्याख्यान ठेवा. आमच्या बॅचने ठेवलंय, छान चालतं.

रानजाई
व्याख्यानाला येतात कोण? दोन रांगा, त्यातले निम्मे जेवणासाठी. मॅडम रात्री दोनला सिझेरियनसाठी आमच्याबरोबर उभ्या राहायच्या. पेशंटला सर्जनचं नाव पाठ असतं, भूल कुणी दिली ते कुणाला माहीत नसतं. म्हणूनच पद हवंय. आणि त्या पदावर बाईच असावी अशी अट घालायचीय.

पैलतीर
भूलशास्त्र हे आधी सांगायचंत! मोटारी बनवणाऱ्या लॉर्ड नफिल्डनी १९३६ मध्ये ऑक्सफर्डला वीस लाख पौंड देऊ केले. मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र ही पदं विद्यापीठाला हवीच होती, भूलशास्त्राचं नको होतं. नफिल्ड अडून बसले, तेही हवंच. १९३७ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश तिथे प्राध्यापक झाले. हो, ज्यांचं ब्लेड तुम्ही श्वासनलिकेत नळी घालताना लॅरिंजोस्कोपला रोज लावता तेच.

रानजाई
ते ब्लेड धरायला मॅडमनीच शिकवलं. मनगट फिरवायचं नाही, हँडल उचलायचं, दात सांभाळायचे.

हिशेबनीस
पण बाईच हवी ही अट करारात नको. पन्नास वर्षांनी अर्ज आले नाहीत तर निधी पडून राहील आणि वारसांना कोर्टात जावं लागेल.

जुना_परळकर
अटींना इतकं भिऊ नका. परळचं सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये अटीवरच उभं राहिलं. शिकवणारे सगळे भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत, असं देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातलं होतं. तेव्हा मुंबईच्या सरकारी ग्रँट मेडिकलमधल्या मोठ्या खुर्च्या आयएमएसच्या (इंडियन मेडिकल सर्व्हिस) गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असायच्या. ती अट नसती तर आपल्या माणसांना प्राध्यापक व्हायला आणखी किती वाट पाहावी लागली असती!

हिशेबनीस
त्यांनी अख्खं कॉलेज उभं केलं. पन्नास लाखांत तेवढा जोर येत नाही. 'प्राधान्य' लिहा, सक्ती नको.

सोनटक्का
अवांतर: परळला त्या गेटसमोर वडापावची गाडी अजून आहे का?

कोरांटी
मी जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. पूर्ण पद जमत नसेल तर अभ्यागत प्राध्यापक करा. मॅडमच्या नावाने वर्षातून दोन आठवडे एका अनुभवी शिक्षिकेने आमच्यासारख्या ठिकाणी येऊन आमच्याच थिएटरमध्ये शिकवायचं. प्रवास, राहणं, मानधन दोन लाखांत बसेल. रात्रीच्या इमर्जन्सीला शेजारी कुणी जाणतं असावं असं मला आजही वाटतं.

रानजाई
कोरांटी, हे मॅडमना आवडलं असतं. आज ग्रुपवर टाकते. हिशेबनीस, ट्रस्ट काढला तर त्याला एफसीआरए मिळेल ना?

हिशेबनीस
नव्या ट्रस्टला साधारण तीन वर्षं काम दाखवावं लागतं. पूर्वपरवानगीचा वेगळा मार्ग आहे. सध्या भारतीय पासपोर्टवाल्यांच्या पैशांवर सुरू करा, बाकीच्यांचं काय करायचं ते सीएला विचारा. आणि प्रत्येक देणगीदाराकडून 'ही रक्कम कॉर्पससाठी', म्हणजे न मोडायच्या मुद्दलासाठी, असं लिहून घ्या.

जुना_परळकर
डीनशी सामंजस्य करारही लागेल. माझ्याकडे आमच्या व्याख्यानाचा आहे, बदलून वापरता येईल. व्यनि करतो.

रानजाई
करा. पासपोर्टची यादी रात्रीपर्यंत काढते. मार्चमध्ये नाही जमलं तर मॅडमच्या वाढदिवसाला, सप्टेंबरमध्ये.