मदत हवी आहे: ब्रिटिश जॅझ क्लॅरिनेटवादक ॲकर बिल्कचं जुनं वादन कुठून ऐकायला सुरुवात करू?

मंडळी, बिल्कची 'स्ट्रेंजर ऑन द शोर' ही धून बहुतेकांनी ऐकली असेल. १९६२ मध्ये ती अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतही पहिली आली. पण त्यातला व्हायोलिनांचा तो गोडवा मला जरा जास्तच होतो. मला हवाय त्याचा पॅरामाउंट जॅझ बँड: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बँजो आणि त्यांच्यामधून वाट काढणारी क्लॅरिनेट. गडी इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा, क्लॅरिनेट हातात घेतली ती सैन्यात, इजिप्तमध्ये. एक बोट लहानपणीच अर्धं तुटलेलं, तरी खालच्या सुरांत काय तो थरथरता, श्वासाने भरलेला आवाज! १९६१ च्या आधीचं, निव्वळ बँडचं काही सुचवाल का? आणि कुणी क्लॅरिनेट वाजवत असाल तर सांगा, असा कंप ओठाने काढतात की जबड्याने? भाचा शिकतोय, सारखा विचारतो.